पाखाडीवरचं घर

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, दार सरकलं आणि समोर साबेरा उभी. पाचव्या मजल्यावरची, हैदराबादची. उल्हास ऑफिसात असताना त्याच्या बायकोकडे, मधुवंतीकडे, दिवसातून एक-दोनदा डोकावून जाणारी. तिने दोन्ही हातांनी एक कुंडी पोटाशी धरली होती आणि कढीपत्त्याची पानं तिच्या हनुवटीला लागत होती. उल्हास बाहेर पडायचंच विसरला. कुंडी कसली, रंगाचा रिकामा डबा होता तो. त्याच्या बुडाला खिळ्याने भोकं त्यानेच पाडली होती, मुलगी शाळेत होती तेव्हा. मस्कतच्या ज्या उन्हाळ्यात बाल्कनीच्या कठड्याला हात लावला तर चटका बसतो, त्या उन्हाळ्यात मधुवंतीने ते झाड ओल्या गोणपाटाआड जगवलं होतं. इमारतीतल्या निम्म्या घरांतल्या फोडण्या ह्या झाडावर व्हायच्या, पण पानं ती स्वतः खुडून द्यायची, कुणाला ओरबाडू द्यायची नाही. साबेराचे डोळे ओले होते. म्हणाली, "भाईसाब, आपने बताया तक नहीं. भाभी बोल रही थीं, आप लोग फायनल जा रहे हैं."

उल्हासने नुसती मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. साबेराने ती होकाराची धरली, झाड नीट सांभाळीन म्हणाली आणि तो बाहेर आल्यावर लिफ्टमध्ये शिरली. दार बंद होताना पानांचा वास मात्र बाहेर राहिला, आणि त्या वासात तो आपल्याच मजल्यावर परक्यासारखा उभा राहिला. 'फायनल' ह्या शब्दाला इकडे फार वजन. सुट्टीवर जाणं वेगळं आणि फायनल जाणं वेगळं. कुणी कायमचा गाशा गुंडाळला की त्याच्या घरून आधी कुंड्या निघतात, मग मसाल्यांच्या बरण्या, मग गॅसचं सिलिंडर, आणि शेवटच्या दिवशी अर्धी राहिलेली तांदळाची पिशवी. देणारी बाई प्रत्येकीला दारात उभं करून सांगते की आमच्याकडे या हं, घर मोठं आहे, राहायलाच या. सगळ्याजणी येऊ म्हणतात. अशा किती निरोपांना उल्हास आणि मधुवंती जाऊन आले होते. परतताना गाडीत ती विचारायची, आपलं कधी? आणि तो गिअर बदलत म्हणायचा, अजून दोन वर्षं. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की पुढे पुढे ती विचारायची थांबली ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. मधुवंतीने एकटीने बाहेर पडू नये म्हणून त्याने दाराला बाहेरून कडी बसवून घेतली होती आणि ती कडी आता उघडी लोंबत होती. आत मात्र सगळं शांत होतं. एसी चालू होता. हॉलभर खोकी मांडली होती, टीव्हीचं, मिक्सरचं, ओव्हनचं, इस्त्रीचंसुद्धा. आखातातलं प्रत्येक मराठी घर ही खोकी कपाटांवर जपून ठेवतं. वस्तू बिघडते, भंगारात जाते, पण तिचं खोकं राहतं, कारण एक दिवस सामान बांधायचंय. मधुवंतीने ती सगळी खाली काढली होती. कशी काढली देव जाणे. मिक्सरच्या खोक्यात तिने देव्हाऱ्यातले देव टॉवेलात गुंडाळून ठेवले होते आणि ओव्हनच्या खोक्यात चपला. ती स्वतः सोफ्याच्या कडेला बसली होती, जांभळी इरकल नेसून, केस नीट विंचरून, मांडीवर पर्स घेऊन, विमानतळावर माणसं बसतात तशी. तिने त्याच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि पुन्हा दाराकडे बघू लागली. ते हसू कुणाहीसाठी असतं, हे तो गेल्या वर्षभरात शिकला होता. सकाळी ती त्याला ओळखायची, दुपारी कधी हो कधी नाही, आणि ऊन उतरलं की तो तिच्या लेखी कुणी भला माणूस उरायचा. बौशरच्या डॉक्टरांनी हे असंच होत जाणार म्हणून सांगितलं होतं. सांगितलेलं असलं म्हणून कमी लागतं असं नाही.

तो खोक्यांमधून वाट काढत खिडकीशी गेला. खाली सीबचा रस्ता, पलीकडे समुद्राची पांढुरकी रेघ. हा समुद्र पाहिला की गेल्या ऑक्टोबरपासून त्याला दुसराच समुद्र आठवायचा, ग्रीसच्या त्या गावाखालचा. ती सहल देविकाने, त्यांच्या मुलीने, रॉटरडॅमहून ठरवून दिली होती. आईला बदल हवा, म्हणाली. खरं तर दोघांनाही सुट्टी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. आखातातल्या माणसाची सुट्टी म्हणजे पुणे, सासर-माहेर, लग्नं, दातांचा डॉक्टर, बँक आणि परत येताना ताणून बंद केलेल्या बॅगा. नुसतं बसायला म्हणून ती दोघं कुठे गेलीच नव्हती. गाव होतं डोंगराच्या उतारावर. टॅक्सी खालीच थांबायची आणि पुढे दगडी पायऱ्या. जुनी दगडी घरं होती, लाल कौलं, निळ्या खिडक्या. तीच आता पाहुण्यांना राहायला देत. हंगाम संपत आलेला, त्यामुळे सामसूम. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा, दुपारी देवळातली एक घंटा, आणि खाली कुणी होडीला ठोकत असेल तर तेवढा आवाज. काळे कपडे घातलेली एक म्हातारी मालकीण होती, फोतिनी नावाची. तिला इंग्रजी बेताचंच यायचं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

पहिल्याच सकाळी मधुवंती ओसरीवर आली, कठड्यावर हात टेकून खाली बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, पाखाडी छान बांधून घेतलीत." पायऱ्यांच्या दगडी वाटेला तिच्या माहेरी पाखाडी म्हणतात. तिचं माहेर दापोलीकडचं, असंच उतारावरचं, खाली समुद्र असलेलं. तिथे त्यांनी लग्नानंतर लगेच जागा घेऊन ठेवली होती, घराचा नकाशाही काढून घेतला होता. समुद्राकडे तोंड करून ओसरी, परसात विहीर, लिंबाचं झाड. दर सुट्टीत दोघं तिथे जायची, तो पावलांनी खोल्या मोजायचा, ती गवतात उभी राहून इथे स्वयंपाकघर, इथे न्हाणीघर असं सांगायची, आणि दोघं संध्याकाळच्या गाडीने परत. घर काही उभं राहिलं नाही. देविकाची शाळा, मग कॉलेज, मग आणखी काही. दरवेळी कुठेतरी घोडं पेंड खायचंच. आणि आता ती ह्या परक्या ओसरीवर उभी राहून त्याला शाबासकी देत होती. उल्हास आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून हसायचा थांबला. ती भिंतीवरून तळवा फिरवत होती. चुना अजून ओला लागतो म्हणाली. विहीर कुठे खणलीत, तिने विचारलं. आणि त्याने सांगितलं, "खालच्या अंगाला."

ते आठ-दहा दिवस त्याच्या अख्ख्या संसारातले सगळ्यात सुखाचे होते, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगायला लाज वाटली असती. मस्कतमध्ये ती उठल्यापासून परीक्षेला बसायची. आज वार कोणता, गोळी घेतली का, हा कुणाचा फोटो. तिथे तिला काही आठवायचंच नव्हतं, सगळं समोर होतं आणि सगळं तिचं होतं. ती पहाटे उठून अंगण झाडायची. फोतिनीबाईने पहिल्या दिवशी झाडू काढून घ्यायला हात पुढे केला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, स्वतःच दुसरा झाडू घेऊन पलीकडची बाजू झाडू लागली. दुपारी दोघी उंबरठ्यावर बसून शेंगा सोलायच्या. एक ग्रीकमध्ये बोलायची, दुसरी मराठीत, आणि बोलणं कुठे अडायचं नाही. मध्येच दोघी मान हलवून उसासा टाकायच्या, बहुधा नवऱ्यांवरूनच. मधुवंतीने लिंबाला आळं केलं. अंगणाभोवतीच्या दगडी गडग्याचे ढासळलेले दगड बसवून घ्यायला उल्हासला सांगितलं, आणि उभ्या जन्मात दुसऱ्यांच्या इमारतींची मोजमापं करणाऱ्या ह्या माणसाने वाकून ते चार दगड खरोखरच बसवले. रात्री ती गाढ झोपायची. त्यालाही झोप लागायची. कधी ती झोपेतच त्याच्या दंडावर हात टाकायची आणि तो अंधारात डोळे उघडे ठेवून ते घर आपलं असल्यासारखं आढ्याकडे बघत राहायचा. आपण एका आजारी बाईला फसवतोय असं वाटायचं त्याला. पण असंही वाटायचं की एवढ्या वर्षांत तिला घर म्हणून काही दिलं असेल तर ते हेच.

निघायच्या दिवशी ती हटून बसली. टॅक्सी खाली हॉर्न देत होती आणि मधुवंती दाराची चौकट धरून उभी, घर टाकून कुठे जायचं म्हणून. समजावून झालं, रागावून झालं. विमानाची वेळ होत आली, आणि वेळ मारून नेण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला सुचावं तेच सुचलं. तो म्हणाला, "मस्कतचं आवरून येऊ ना. सामान सगळं तिथेच पडलंय." ती लगेच कबूल झाली. चौकट सोडली. जाताना फोतिनीबाईला तिन्हीसांजेला दिवा लावायला बजावलं आणि त्या बाईने छातीवर हात ठेवून मान लववली. पायऱ्या उतरताना उल्हासला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. केवढं सहज जमलं म्हणून.

म्हणजे ती विसरली नव्हती. सगळं विसरत चाललेल्या मधुवंतीने एवढं एकच वाक्य धरून ठेवलं होतं आणि ती गुपचूप आवरत होती. आता त्याला एकेक उमगत गेलं. डिसेंबरात पुरणयंत्र दिसेनासं झालं होतं. मग स्टीलचे डबे. ती कुठेतरी ठेवते आणि विसरते, असं तो देविकाला फोनवर सांगत राहिला. देविका तिकडून म्हणायची, "बाबा, यू कान्ट मॅनेज. आईला पुण्यात ठेवू या ना, एक जागा आहे, गार्डन वगैरे आहे, नर्सेस आहेत. मी बोलले त्यांच्याशी." तिचं मराठी अडखळत यायचं, पण म्हणणं स्वच्छ होतं. ती जागा तिथल्या लोकांनी धरून ठेवली होती आणि ह्या आठवड्यात हो-नाही कळवायचं होतं. मधुवंती तिथे, आणि तू? असं देविकाने विचारलं नाही. ते धरूनच चाललं होतं. तो इथे राहणार, महिन्या दोन महिन्यांनी जाऊन भेटून येणार. इन्शुरन्स, औषधं, सगळं इथल्या नोकरीवर चालतं ना.

आणि आजच दुपारी कुरुमच्या ऑफिसात अर्बाबने, कंपनीच्या ओमानी मालकाने, त्याला आत बोलावलं होतं. खजूर पुढे केला, कहवा ओतून दिला. साठी उलटली म्हणून काय झालं, उल्हाससारखा माणूस सोडायचा नाही म्हणाला. "टू मोअर इयर्स, इन्शाल्ला?" आणि उल्हासच्या तोंडून इन्शाल्ला गेलं. मधुवंती मनात यायच्या आधी गेलं. येताना हायवेवर गाडीत गार वारा, एका बाजूला तांबूस उघडे डोंगर, दुसऱ्या बाजूला उतरतं ऊन, आणि सिग्नलला त्याच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय. तेव्हा तो स्वतःवर थोडा चिडला आणि मग औषधांच्या खर्चाचा विचार करू लागला. तो विचार त्याला नेहमी बरा पडायचा. त्याच्या आडोशाला बसलं की बाकीचं दिसत नसे.

अजानचा सूर आला आणि खिडकीतला उजेड पिवळा झाला. उल्हास वळला. आता हिला हळूच उठवावं, साडी बदलून घ्यावी, खोकी उद्या वर चढवू. उद्या साबेराकडे जाऊन कुंडी मागून आणायची म्हणजे तोंड वेंगाडावं लागणार. तो असले हिशेब करत पुढे आला तोच मधुवंती म्हणाली, "या, बसा ना. पण चहा नाही मिळायचा हं. भांडी बांधून झाली."

तो एका खोक्यावर बसला. ती त्याच्याकडे निरखून बघत होती. तुम्ही ह्याच बिल्डिंगमधले का, असं तिने विचारलं आणि तो हो म्हणाला. मग ती ओशाळल्यासारखी झाली. सगळ्यांना काही ना काही देऊन झालं, आणि तुम्ही राहूनच गेलात, म्हणाली. तिने बाजूच्या पिशवीत हात घातला आणि एक शर्ट बाहेर काढला, फिक्या निळ्या चौकटींचा, अजून कागदी कॉलर आणि टाचण्यांसकट. रुवीच्या दुकानातून तिनेच तो कधीकाळी आणला होता आणि त्याला घालू दिला नव्हता, घरी गेल्यावर घाला म्हणून. तिने तो त्याच्या खांद्याला लावून पाहिला.

"होईल तुम्हाला," ती म्हणाली. "ह्यांच्यासाठी ठेवला होता. गावी घालायला."

"मग त्यांना?"

"ते नाही यायचे."

हे ती चिडून म्हणाली नाही, दुःखाने म्हणाली असंही नाही. आज दूधवाला येणार नाही म्हणावं तसं म्हणाली. उल्हासच्या हातातल्या शर्टाचा प्लॅस्टिकचा कागद कुरकुरला.

"असं का म्हणता?"

"त्यांचा जीव इथे रमलाय हो," मधुवंती म्हणाली. आवाज थोडा खाली आणला तिने, आतल्या खोलीत कुणी ऐकेल म्हणून. "तोंडाने कधी बोलले नाहीत. दर खेपेला काहीतरी निघायचं. मुलीचं निघायचं, पैशांचं निघायचं. मी आपली हो हो करायची. पण सुट्टी संपवून इथे विमान उतरलं ना, की ह्यांचा चेहरा खुलायचा. मी शेजारीच बसलेली असायची. मला दिसायचं ना."

उल्हासला वाटलं, उठावं आणि ओरडून सांगावं की हे खोटं आहे. सगळं तुमच्यासाठी केलं. पण ओरडणार कुणावर? समोरच्या बाईला तो माहीतच नव्हता, म्हणून तर ती खरं बोलत होती. एवढी वर्षं ती मूग गिळून गप्प राहिली होती, आणि त्याने त्या गप्प राहण्याला समाधान समजून पाठ थोपटून घेतली होती. शर्ट मांडीवर ठेवून त्याने विचारलं, "त्यांना सांगितलंत का, जातेय म्हणून?"

"नाही बाई," ती पटकन म्हणाली. "वाईट वाटेल त्यांना. माणूस चांगला आहे."

बाहेर उजेड जात होता आणि तिने दिवा लावा म्हटलं नाही, त्यालाही सुचलं नाही. एकटीच जाणार का, त्याने विचारलं. रस्ता ठाऊक आहे, ती म्हणाली. पाखाडी चढलं की घरच. तिथे एक बाई दिवा लावते, तिला सांगून ठेवलंय. मग म्हणाली की वाटेत अंधार पडला तर मात्र जरा भीती वाटते. ती कुठली पाखाडी चढणार होती? दापोलीला गुडघाभर गवत होतं. ग्रीसच्या गावाला ह्या दिवसांत कुलूप असणार. पुण्याला नर्स होत्या आणि बाग होती. ह्यातल्या कुठल्याच जागी ते घर नव्हतं, हे उल्हासला कळत होतं, आणि तरी ती निघणार, आज नाही तर उद्या, कडी उघडी सापडली की निघणार, हेही कळत होतं. आणि ती ज्याला सोडून निघाली होती त्याच्याबद्दल तिचं एवढंच म्हणणं होतं, की चांगला माणूस आहे, त्याला त्रास नको.

"मी येऊ का सोबत?" तो म्हणाला. "मलाही त्याच बाजूला जायचंय."

मधुवंतीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पूर्वी एकदा, पुण्याच्या एका बैठकीच्या खोलीत, कांदेपोह्यांच्या बशा मधे ठेवून, तिने त्याला असंच पाहिलं होतं आणि तो असाच घामाघूम झाला होता. आज ती नको म्हणाली असती तर त्याच्याकडे पुढचं काहीच नव्हतं.

"या की," ती म्हणाली. "तेवढीच सोबत. पण तुमच्या घरी विचारून घ्या आधी. न सांगता निघालात तर बायको काळजी करत बसेल."

उल्हास उठला. विचारून येतो म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला. पलंगावरची चादर तिने घडी करून उशाशी ठेवली होती. कपाटाचा माथा रिकामा होता आणि तिथे खोक्यांच्या जागी धुळीचे चौकोन उमटले होते. त्याला अर्बाबचा कहवा आठवला, देविकाला करायचा फोन आठवला. त्याने पलंगाच्या तिच्या बाजूला हात टेकला आणि हळू आवाजात विचारलं, मधू, येऊ का गं? मग बायकोला विचारायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो तिथे उभा राहिला.

बाहेर ती पर्स खांद्याला लावून उभीच होती.

"विचारलं," तो म्हणाला. "हो म्हणाली."